शिट्टी घराबाहेर गेली

बाबा, तुमची शिट्टी मी घराबाहेर दिली. दादाच्या तेरवीला, सगळ्या पंगतीसमोर दिली. माझा लेक तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातची भाकर तो घेत नाही, सून ताट घेऊन जाते तेव्हा जेवतो. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. अक्षर वाकडं आहे, पण चुलीतल्या कोळशानं जमिनीवर काढून तुम्हीच शिकवलं, तेव्हा खोट तुमची.

पलटणीतून पेन्शनीवर आलात तेव्हा लोक म्हणाले, शिपाईगडी काहीतरी भारी घेऊन येईल. तुम्ही आणला एक कातडी फुटबॉल आणि एक पितळी शिट्टी. आई कपाळाला हात लावून बसली होती. बाजार उठला की दुसऱ्या दिवशी त्याच पटांगणात, शेणातून आणि कांद्याच्या पातीतून तुम्ही पोरं पळवायचात. कुणब्याची, माळ्याची, मोमिनाची, जो येईल त्याची. सगळी तुम्हाला उस्ताद म्हणायची. पोरीच्या जातीला तिथं काय काम, म्हणून मी धाब्यावर मिरच्या वाळवायच्या निमित्तानं चढायचे. वरून सगळं पटांगण दिसायचं. एकदा राहवलं नाही, वरूनच बोंब ठोकली, ‘अरे डाव्या अंगाचा मोकळा हाये, त्याले दे!’ खाली सगळे हसले. आता मार बसतो म्हणून मी चुलीपाशी तोंड लपवून भाकरी थापायला बसले. तुम्ही येता, पाटावर बसता, बॉलची उसवलेली शिवण मेणदोऱ्यानं टाचायला घेता, आणि मान वर न करता म्हणता, ‘ओरडली त ओरडली. पण उशिरा काऊन ओरडली? दिसलं तवाच बोलाव.’ तेवढंच. दादा तिथंच उंबऱ्यात उभा होता. तो म्हणाला, ‘मले त कधीच काही दिसत नाही बा.’ तुम्ही दोरा दातानं तोडला.

मग तुम्ही गेलात. तुमच्या तेरवीला मामानं दादाला पागोटं बांधलं, ते रीतीनं झालं. पण ताटात पागोट्याशेजारी कोणीतरी तुमची शिट्टी ठेवली होती, आणि पागोटं बांधलं तशी तीही गळ्यात गेली. कोणी विचार केला नाही, कोणी कोणाला पुसलं नाही. पाटलाच्या लेकाला पाटीलकी, तसं उस्तादाच्या लेकाला उस्तादकी. मी आत पुरणाचं पातेलं उतरवत होते. बाहेर आले तोवर दादा उस्ताद झाला होता.

दादा वाईट नव्हता. बैलाची पारख त्याला होती, माणसाची नव्हती. साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, गोलात उभं करायचा, कारण साळा रुसायचा. पटांगणाच्या कडेला बाज टाकून शिट्टी फुंकायचा आणि तंबाखू मळायचा. टीम टिकली ती पिंजाऱ्यामुळं. हा रोहिणखेडचा, गाद्या पिंजायला आमच्या गावी आला आणि इथंच राहिला. तोंडानं इतका घाण की पोरं त्याला बापाहून भितात. पण कोणाचा पाय कधी थकेल ते त्याला त्या पोराच्या आधी समजते. सकाळी तो शिकवायचा, संध्याकाळी दादा शिट्टी फुंकायचा, आणि गाव दादाला रामराम घालायचं. मी कुकू पुसून लेकराला घेऊन माहेरी आले तेव्हापासून धाब्यावरून हेच पाहात आले.

आता दादा गेला. त्याला मूलबाळ नाही, पाणी माझ्या लेकानं दिलं, पागोटं त्यालाच बांधायचं होतं. आणि यंदा आपल्या टीमला वऱ्हाडच्या नावानं नागपूरला खेळायला जायचं आहे. वऱ्हाडच्या नावानं, बाबा. नागपूरवाले आधीच आपल्याला शेपटासारखं मागं बांधून ओढतात, तिथं हरून आलो तर तोंड कुठं लपवायचं? पाहते तर ताटात पागोटं, आणि शेजारी शिट्टी. माझा लेक न्हाऊन धुऊन बसलेला. तो चांगला नांगरतो, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, पण बॉल कोणत्या दिशेनं गेला हे त्याला लोक ओरडले की समजते.

मी उठले आणि ताटातली शिट्टी उचलली. रांडमुंड बाई शुभाच्या ताटाला शिवली म्हणून एक म्हातारा ओरडलाच. मी म्हटलं, ‘पागोटं बांधा, त्याले मी हात नाही लावला. हे पिंजाऱ्याले द्या.’

‘गावची टीम अन् उस्ताद बाहेरगावचा?’ तोच म्हातारा.

‘सुना कोठून आनता रे? बाहेरगावच्याच ना? त्यायच्याच हातचं खाऊन ढेकर देऊन राह्यले.’

बाया पदरात हसल्या. पिंजारी मागं जोड्यांपाशी बसला होता, तो हात हलवत म्हणाला, ‘नको आत्या, मेरेकू नको. तुमच्या घरात भांडन लागते.’

‘भांडन माह्या घरात लागन, तुले काय त्याचं? सकायी शिकवतंच ना? मंग संध्याकायीही तूच फुक.’

लेक पागोट्याखालून माझ्याकडे पाहात होता. हळूच बोलला, ‘माय, भर पंगतीत मले नागवं केलं तू.’ मी शिट्टी पिंजाऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती सदऱ्याला पुसली, गळ्यात घातली नाही, खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी पटांगणात पोरांना आईबहिणीवरून शिव्या देताना ऐकला, तेव्हा मला बरं वाटलं.

नागपूरला काय होईल ते होईल. जिंकले तर गाव म्हणेल आमची पोरं, हरले तर म्हणतील म्हातारीचा पिंजारी. लेक तेव्हाही बोलेल की नाही, सांगता येत नाही. तो माझ्यावर गेला आहे.

तुमच्या जुन्या बॉलचं कातडं अजून खुंटीला आहे, फुगा कधीच सडला. हा कागद त्यातच कोंबून ठेवीन. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. पंगतीत लोक ऐकेनात, म्हातारा तर काठी घेऊन उठला, तेव्हा मी तुमच्या नावानं बोलले. म्हटलं, ‘बाबा जाताना माह्यापाशी सांगून गेले, शिट्टी घरात ठेऊ नोका.’ त्यावरच सगळे गप्प बसले. तुम्ही असं काही बोलला नव्हतात. जाताना तुम्ही माझा हात धरून दादाचंच नाव घेतलं होतं, आणि शिट्टीकडे बोट दाखवलं होतं. उद्या कोणी पुन्हा विचारलं, तरी मी तेच सांगणार आहे.