पाकीट उघडं आहे

कांता मावशीचं शेत,
हिंगणीजवळ, ता. सेलू, जि. वर्धा
सोमवार, २० जानेवारी २०२५, सकाळचे सव्वासात

पौर्णिमा,

जय भीम. वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. खोडलेलं दिसतंच, पण नवीन कागद घेत नाही. वहीत चारच पानं उरली आहेत आणि साडेदहाला बस आहे.

तू बरी असशील. इथे सगळे मजेत. थंडी मस्त आहे, हरभऱ्याला घाटे धरले आहेत, मावशीची बकरी व्याली, दोन पिल्लं झाली. हे तुला कशाला सांगतोय माहीत नाही, पत्र असंच सुरू करतात म्हणून. जन्मातलं पहिलंच पत्र आहे. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. थोडी होती, कालपर्यंत.

पाकीट चिकटवलेलं नाही. मधे कोणी फोडलं असं समजू नको. तसंच द्यायचं ठरलं आहे. का, ते पुढे येईल.

कॉलेज सोडून घरी गेलो तेव्हा आठ दिवसांत माझं नि पप्पांचं इतकं वाजलं, की आईनेच मला इथे मावशीकडे पाठवलं. मावशी आणि लहानू काकांनी कापूस ठेवायच्या खोलीच्या दोन खोल्या केल्या, खाटा टाकल्या, गरम पाण्याचा बंब लावला आणि फाटकावर 'होम-स्टे' अशी पाटी लावली. काका म्हणतात, लोक पैसे देऊन आपल्या घरी झोपाले येतील हे मले पटत नाई. पण येतात. नागपूरहून येतात, बोरच्या जंगलात एक चक्कर मारतात, सकाळी तर्री-पोहे खातात आणि दोन दिवसांत चेहरा असा होतो जशी कोणी त्यावर इस्त्री केली. एका बाईने मला विचारलं, मोर किती वाजता ओरडतो. मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, पाचाले. तिने पाचचा गजर लावला. आणि खरंच ओरडला.

माझं काम म्हणजे पाणी तापवणं, चूल पेटवणं, पाहुण्यांना शेत दाखवणं आणि त्यांच्याशी भांडण न करणं. शेवटचं अवघड जातं. दिवाळीत एकाने बकरीला मसाल्याचे चिप्स चारले म्हणून मी त्याची बॅग फाटकाबाहेर नेऊन ठेवली. तेव्हापासून मावशी पाहुणे आले की आधी त्यांना पाणी देते आणि मग मला.

तर शुक्रवारी एक जोडपं आलं. डॉक्टरांनी आठवडाभर आराम सांगितला होता, घरी होत नव्हता, म्हणून आले. मी वही पुढे केली. पाहुण्यांनी नाव लिहिलं, हरिदास. गाव लिहिलं, नालवाडी. शेवटच्या रकान्यात तातडीच्या वेळी कळवायचा नंबर लिहिला. तो नंबर मला झोपेतही पाठ आहे.

हो. तुझे आई-बाबा तीन दिवस इथे होते. आराम करायला कुठेतरी गेलेत, एवढं तुला माहीत असेल. कुठे, ते आता कळलं.

मी तिथून जो निघालो तो सरळ गोठ्यात. मावशीच्या हातापाया पडून सांगितलं, मला राकेश म्हणू नको, गुड्डू म्हण. तिने कारण विचारलं नाही. पण दर पाच मिनिटांनी इतक्या जोरात गुड्डू म्हणून हाक मारायला लागली, की बकरीही वळून पाहायची.

तुझे बाबा आराम कसा करतात तुला माहीतच असेल. साडेचारला उठून एस.टी.ची पहिली फेरी असल्यासारखे दाढी करून तयार. खुर्चीत बसले की डोळे मिटतात आणि उजवा पाय ब्रेक दाबत राहतो. शनिवारी दुपारी वाऱ्याने फाटक वाजलं तर झोपेत म्हणाले, "मागं सरका, मागं जागा हाये." तुझी आई इतकी हसली, की हातातल्या सुपलीतली तूर सांडली. मी त्यांच्याबरोबर तूर निवडू लागलो. त्या सारख्या माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, तूर नीट निवडतो की नाही ते पाहतायत.

बाबा मला आवडले, पौर्णिमा. हे लिहायचं नव्हतं, पण आवडले. माझ्या भांडकुदळ स्वभावाला त्यांनी एका दिवसात नाव दिलं, 'टॉप गिअर'. मी बंबात लाकडं कोंबायला लागलो की म्हणायचे, टॉप गिअर, पाणी तापवायचं हाये, उडवायचं नाई.

काल रविवार. रविवारी मावशी शेतात रोडगे करते. नागपूरवाल्यांना त्याचंच जास्त कौतुक. आंब्याखाली गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या आणि मग काही न करता बसायचं. जाळ पूर्ण खाली बसून नुसता आर, म्हणजे निखारा, राहिला की त्यात कणकेचे गोळे पुरायचे. जाळ असताना टाकले तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणिक. पाच महिन्यांत मी किती रोडगे जाळलेत ते मावशीला विचार. मला बसवतच नाही.

काल मात्र मी बसलो होतो, कारण तुझे बाबा बोलत होते. लहानू काकांनी सहज विचारलं, बीपी कधीपासून. ते म्हणाले, ऑगस्टपासून. मग सांगू लागले. पोरीच्या कॉलेजात एका मवाल्याने कॅन्टीनमध्ये मारामारी केली. कोणीतरी पोरीवर काहीबाही बोललं होतं, त्यावरून. बोलणाऱ्याला मारलं ते मारलं, पण खुर्चीवर चढून सगळ्यांसमोर ओरडला, ती माझी आहे म्हणून. पोरीने त्याला कधी ना हो म्हटलं होतं, ना नाही. दुसऱ्या दिवसापासून जो तो तिला त्याच्याबद्दल विचारे, म्हणून ती बावीस दिवस कॉलेजला गेली नाही. प्रॅक्टिकल बुडालं. घरी कोणाशी बोलत नव्हती. बाबा ड्युटीवरून आले की बाहेरच्या खोलीत बसून राहायचे, कारण आत जाऊन काय बोलायचं कळत नव्हतं.

बावीस दिवस. मला माहीत नव्हतं. मी त्या दिवसांत घरी पप्पांना ठणकावून सांगत होतो, की मी एका मुलीसाठी कॉलेज सोडलं. चौकात, पानठेल्यावर, सगळीकडे तेच सांगत होतो. ऐकणारे पाठ थोपटायचे. कोणी विचारलं नाही की तिने सांगितलं होतं का. मीही नाही विचारलं.

आणि ते बीपीसुद्धा माझंच. म्हणजे आमच्या होम-स्टेला गिऱ्हाईक मीच पाठवलं.

माझे हात काय करत होते मला कळलं नाही. मावशी ओरडली तेव्हा पाहिलं, सगळे गोळे मी भडकत्या जाळात टाकले होते. बारा रोडगे होते, बाराही गेले. मावशी म्हणाली, या पोराले आर दिसत नाई, याले फक्त जाळ दिसते. सगळे हसले. मी हसलो नाही.

तुझ्या बाबांना म्हणालो, "काका, तो मवाली मीच. राकेश नाव माझं."

 बाबांचा उजवा पाय मातीत रुतला, पूर्ण ब्रेक. लहानू काका उठून उगाच विहिरीकडे निघून गेले. मी उभा राहून माफी मागत होतो, काय काय बोललो आठवत नाही, चुकलो, पुन्हा होणार नाही, तुम्हाला त्रास झाला, असं. त्यांनी काडीने एक जळका रोडगा बाहेर काढला, फोडला, आतली कच्ची कणिक पाहिली आणि बाजूला ठेवला.

मग म्हणाले, "नाव कोणाचं घेतलंतं तू? माहं?"

मी म्हणालो, नाही.

"मंग माफी मले काऊन मागून राह्यला? तिले माग."

मी म्हणालो, ती फोन घेत नाही. म्हणाले, तर लिही, मी नेतो.  आणि पुढे म्हणाले, "पाकीट चिकटवू नको. मी वाचणार नाई. पण म्हातारा वाचीन ह्या भेवानं तू बरं लिहिशीन."

तर ते असं आहे. आणि खरं सांगतो, भीतीने बरंच लिहिलं जातंय. दोन ठिकाणी जास्त लिहिलं होतं, ते काळं केलं आहे.

मावशीने पुन्हा कणिक मळली. दुसऱ्या खेपेला बाबांनी मला हात धरून बसवलं. पाऊण तास. आर होईपर्यंत उठू दिलं नाही. मग म्हणाले, आता टाक. चांगले झाले. पाच तुझ्यासाठी त्यांच्या पिशवीत बांधून दिले आहेत, तूप वेगळ्या डबीत आहे. वांग्याची भाजी तिखट आहे, सांभाळून.

काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, मी शुक्रवारपासूनच माहीत होतो. काल रात्री जेवण वाढताना हळूच म्हणाल्या, फोटोत तू बारीक दिसतो. कुठल्या फोटोत, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आणि पाकीट उघडं आहे, म्हणून यापुढे या विषयावर एक अक्षर लिहीत नाही.

आता बाबा पोहे खातायत. पावणेदहा झाले. जे लिहायचं म्हणून कागद घेतला ते अजून लिहिलं नाही, इकडचं तिकडचं लिहून चार पानं भरत आणली.

मी तुला विचारलं नव्हतं. त्या दिवशीही नाही, त्याच्या आधीही नाही. दोन वर्षं ग्रंथालयात तुझ्या समोरच्या टेबलावर बसलो, तुझ्या पेनात शाई संपली की पेन दिला, आणि मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं. मग ते शंभर जणांना ओरडून सांगितलं, फक्त तुला सोडून. त्या पोराने तुझं नाव घाण केलं म्हणून मी त्याला मारलं, आणि त्याच्यापेक्षा जास्त घाण मी केलं. ते तुझ्यासाठी नव्हतं. माझं डोकं फिरलं होतं, एवढंच. माफ कर. नाही केलंस तरी चालेल, पण मी मागितली हे तुझ्या हातात असू दे.

गुरुवारी कॉलेजात जाणार आहे. मारामारीनंतर चौकशी समितीने बोलावलं तेव्हा पळून आलो होतो. आता लेखी देतो, की यात तुझा काही संबंध नव्हता, तू मला काही सांगितलं नव्हतं, कधीच. त्यावर ते मला परत घेतील किंवा नाही घेणार. घेतलं तर मी तुझ्या समोरच्या टेबलावर बसणार नाही. खिडकीजवळ एक मोडकी खुर्ची आहे, तिच्यावर बसेन.

उत्तर पाठव असं म्हणत नाही. बाबा पुढच्या महिन्यात परत यायचं म्हणतायत, रोडग्यांसाठी. त्यांच्या हाती 'नाही' एवढं पाठवलंस तरी ते मला उत्तरच असेल, आणि मी कोणाची बॅग फाटकाबाहेर ठेवणार नाही.

बाहेर बाबा हाक मारतायत, टॉप गिअर, बस थांबत नसते. मावशीची बकरी तुझ्या आईच्या पदराला लागली आहे. जातो.

खाली 'तुझा' लिहायला पेन टेकवला होता. तेही विचारल्याशिवाय लिहीत नाही.

राकेश