पद्माची तयारी

३ जानेवारी १९७६
पद्माला हिंगोलीच्या दवाखान्यात आणून आठवडा झाला. खुब्याचं हाड मोडलंय, पायाला वजन बांधलंय. हाड जुळेल. खरी तकलीफ डोक्याची. मला, नवऱ्याला, ओळखत नाही. डॉक्टर म्हणाले, हा म्हातारपणचा विसर, गेलेलं परत येत नाही. सवाल विचारू नका, नुसते जवळ बसा. डॉक्टर नवखा आहे. मी एसटीत कंडक्टर होतो, झोपलेल्या पॅसेंजरला त्याच्या स्टॉपची आठवण करून दिलीय. उद्यापासून रोज ट्रेनिंग. सव्वीस जानेवारीच्या आत रिझल्ट.

४ जानेवारी, सकाळ
पहिला सवाल: माझं नाव काय? तिनं तोंडावर पदर घेतला. दुसरा: लेकीचं नाव? रडायला लागली. प्रोग्रेस आहे. काही आठवल्याशिवाय माणूस रडत नाही.

९ जानेवारी
ऐकण्यात फॉल्ट असेल म्हणून आवाज वाढवला. तिनं चहाचा कप फेकून मारला. नेम बराबर, म्हणजे मेंदू शाबूत. सिस्टर चांगुणाबाईंनी मला व्हरांड्यात पाठवलं. मग त्यांनीच तिचे केस विंचरले, जुनी लुगडी घड्या घालायला दिली. पद्मा गुणगुणत बसली. गुण माझ्या सवालांचा, क्रेडिट सिस्टरला.

१६ जानेवारी
मोठा उपाय. घरून, आखाडा बाळापूरहून, ड्युटीचा खाकी ड्रेस आणला. पोटावरचं बटण लागेना. पण मला बघून ती हसली! म्हणाली, "मास्तर, बाळापूर आलं की सांगा. मालक वाट पाहून राहिले असतील."
मालक म्हणजे मीच. अर्धी ओळख पटली म्हणायची.

१९ जानेवारी
एक दिवस सुट्टी घेऊन घरी गेलो. चूल पेटवली नाही. सकाळपासून कुणी काही बोललं नाही. मस्त आराम झाला. मुक्काम करणार होतो, पण दुपारच्याच गाडीनं परतलो. ट्रेनिंगमध्ये खंड नको.

२५ जानेवारी
आज सवाल नाहीत. घसा बसलाय, बाकी कारण काही नाही. लुगड्याचं दुसरं टोक धरून नुसता बसलो. दोघांनी मिळून घडी घातली. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.
"तुमचं कोन हाय इथं?"
"बायको."
"बोलते का तुमच्यासंगं?"
"आज बोलून राहिली."
तिला बरं वाटलं. माझ्या हातातलं टोक तिनं हळूच काढून घेतलं.
"मग इथं काहून बसले? जा तिच्यापाशी. एकटी असंल बिचारी."
व्हय म्हणालो. व्हरांड्यात येऊन उभा राहिलो.