सत्तरावं पान

प्रिय बाबा,

असं भांडण अर्धं टाकून कोणी जाते का? तुहं खरं होतं हे मले काल समजलं, आन् कबूल करावं तर तू नाई. मंग कोणाले सांगू? म्हणून लिहून राह्यलो.

पोंभुर्ण्याच्या जंगलातून तेंदूपत्ता आणला का आपण आंगणात पुडे बांधाले बसत होतो. पुडा सत्तर पानांचा. एक पान माय ठेवे, एक तुही लेक सुमन, एक मी, पाळीपाळीनं. एकोणसत्तर झाले का तिघांचं सारखं होऊन जाये. मंग तू वाकून सत्तरावं ठेवे आन् गाठ मारे. दम्यानं तुले तेवढंच काम जमे, पण ऐट केवढी!

एकदा मी चिडलो. "एक उरते म्हणून मिरवते काय? हजार पुड्यांचे सत्तर हजार पानं होतेत. एवढ्या मोठ्या आकड्याचे तीन वाटे बरोबर पडतीन. मंग तुही गरज नाई."

तू खोकत खोकत हसला. "शून्यं वाढवल्यानं मी जात नसतो, लेका. करून पाय."

केलं नाई. चौथीतून पळालेला मी, कुठी करू? त्याच साली सुरतेले आलो. तू गेल्याची तार मिळाली तोवर तुही माती होऊन गेली होती.

इथी साबणाच्या गोदामात आमी तिघं हमाल. शंभर पेट्यांचा टेम्पो आला का एक पेटी उरते, आन् ती कोणं उचलावी यावर रोज कटकट. काल हजार पेट्यांचा ट्रक आला. म्हटलं, आता सुटलो. तरी एक उरली! मी तिच्यावरच बसलो. मुकादम वरडला, "उठ बे, तेरे बाप की पेटी है क्या?"

मनात म्हटलं, हो, त्याचीच.

पाय बाबा, दहातले नऊ तिघांत वाटल्या जातेत, एक उरते. शंभरातले नव्व्याण्णव जातेत, एक उरते. हजारातही तेच. आन् सत्तर म्हणजे सात दहा. दर दहातला एक, असे सात उरले. त्यातले सहा वाटले का पुन्हा एकच! सत्तर हजार घे, सत्तर लाख घे, सुरतेपासून सूरजागडापर्यंत शून्यं मांडत ने, तू उरतेच.

पण परसाल माय आन् सुमन दोघीच बसल्या. पस्तीस-पस्तीस, काही उरलं नाई. मायनं चिठ्ठीत लिहवलं, "पुडा भरते, पण गाठ माराले हात उचलत नाई."

तू एवढा हुशार, मंग दोघींत कसा नाई उरला? तिथी तिसरा पाह्यजे ना! म्हणून औंदा हंगामाले मी येतो. आमी तिघं बसू, सत्तरावं पान तुह्या नावानं ठेवू, मंगच गाठ मारू. हा माहा शब्द.

तुहा,
रामदास

ता. क. मायले मनिऑर्डर करून राह्यलो. तिघांचे पन्नास-पन्नास, उरला तो तुहा. एकशे एक्कावन्न रुपये.