जागचे दाणे

कासा,
रविवार, १२ जानेवारी २०२५

रतनदादा,

नमस्कार. मी बरी आहे. तू, वहिनी, रिया खुशाल असाल. आईच्या गुडघ्याला मी पाठवलेलं तेल लावता ना? की रियाने ते केसांना चोपडून संपवलं? उधव्याला थंडी जास्त असेल, आईला पहाटे बाहेर बसू देऊ नका.

फोन असताना हिला पत्र कशाला सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू दोन वेळा ‘हं’ म्हणतोस आणि वहिनीच्या हातात देतोस. म्हणून काकड्याच्या जीपमधून हे पाठवते आहे. त्याला सांगितलंय, रतनच्याच हातात द्यायचं. बाजूला बसून वाच.

घराचं बोलते. येत्या गुरुवारी नोंदणी आहे. डहाणू गावात, किल्ल्याच्या बाजूच्या जुन्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पडवी आणि एक म्हातारं चिकूचं झाड. अर्ध्या छपरावर कौलं, अर्ध्यावर पत्रे. भिंती एवढ्या जाड की खिडकीत मांडी घालून बसता येतं. मालकीण दक्षाबेन एकट्याच आहेत, आता मुलाकडे वापीला जाणार. दुपारी वारा फिरला की सुकत्या बोंबलाचा वास घरभर. आईला तो चालेल का, कोण जाणे. मला आवडायला लागला आहे, हे सांगायलाही लाज वाटते.

बँकेचं झालं, कागद वकिलाने पाहिले. राहिली होती तुझी अट. ‘रात्रभर तांदळाचे दाणे ठेवून बघ, सकाळी जागचे राहिले म्हणजे जागेने हो म्हटलं, तरच आईला पाठवीन,’ असं तू म्हणाला होतास. आईशिवाय मला ते घर नको आहे, दादा. दवाखान्यातून येऊन रिकाम्या खोलीचं कुलूप मी कासाच्या क्वार्टरमध्ये बारा वर्षं उघडते आहे. तेच डहाणूत जाऊन करायला घर कशाला घेऊ?

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी दाणे घेऊन गेले. आईने दिलेले, आपले हातसडीचे, लालसर. पण आपल्याकडे मोकळ्या जमिनीवर ठेवतात. इथे घर आधीच उभं, खाली फरशी, वर माणूस राहतंय. ठेवायचे कुठे? आईला फोन केला. ती म्हणाली, “चूल कुठं येल, तठं ठेव.” मी म्हटलं, आई, इथे गॅस आहे, तो स्वयंपाकाच्या ओट्यावर असतो, त्यावर ठेवू का? आई म्हणाली, “तुला कळंल तसं कर बाय.” मला काहीच कळत नव्हतं. शेवटी त्या ओट्याच्या खाली फरशीवर तीन ढीग केले आणि टोपली पालथी घातली. दक्षाबेन दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं.

शनिवारी सकाळी पहिल्या बसने गेले. टोपली उचलली. तिन्ही ढीग जागच्या जागी, टोकदार. मला रडू आलं. तिथूनच आईला फोन लावला आणि सांगितलं, जागचे आहेत. आई म्हणाली, “हललं नाय ना? मंग मी येतंय.”

फोन ठेवून दाणे गोळा करायला बसले, तर लाल दाण्यांत पांढरे दाणे. थोडे नाहीत, निम्मे. दुकानातला पॉलिशचा तांदूळ.

दक्षाबेनना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. “दीकरी, मुंग्या आल्या ने! सगळा दाणा घेऊन चालल्या होत्या. मी बघितलं, एक ढीग तर संपून गेला. मग माझ्या डब्यातला घालून परत नीट करून ठेवला. तू सकाळी येऊन तोंड पाडणार, ते मला बघवलं नसतं.”

त्यांना विक्रीची घाई आहे म्हणावं तर तसंही नाही. मुंबईचं एक जोडपं जास्त द्यायला तयार आहे. पण ते फक्त शनिवार-रविवार येणार आणि दक्षाबेनना रोज दिवा लागणारं माणूस हवं आहे. त्यांनी मायेनेच केलं. मी त्यांच्यावर चिडले, मग त्यांच्याच हातचा चहा प्यायले. आता सांग, याला काय म्हणायचं? जागेने नको म्हटलं आणि घरच्या बाईने ये म्हटलं. कुणाचं ऐकायचं? आणि मुंग्या तर फरशीवर साखर सांडली तरी येतात. आईला परत फोन करायला हवा होता. केला नाही. कालपासून चार वेळा नंबर काढला आणि ठेवला. वहिनीचा मेसेज आला आहे की आईने लुगडी बांधून ठेवली.

एवढंच असतं तर मी फोनवरच बोलले असते.

दादा, तुझं घर बांधलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आपण काकाच्या मागच्या खोलीत राहत होतो. वहिनीला सातवा महिना होता, आणि काकी रोज काही ना काही बोलायची. नव्या जागेवर दाणे ठेवले त्याच्या दुसऱ्या सकाळी तू मला पुढे पाठवलंस, ‘जा, बघून ये,’ म्हणून. मी गेले तेव्हा टोपली कलंडली होती. कोंबडीने सगळे दाणे विस्कटले होते. दुसरी जागा बघायची म्हणजे आणखी एक वर्ष काकीचं ऐकायचं. मी कोंबडी हाकलली. दाणे वेचले, तीन ढीग केले, टोपली घातली. मग ओरडले, दादा, जागचे आहेत!

तू धावत आलास आणि मला उचललंस.

त्याच घरात ओंकार झाला. त्याच घरात चार वर्षांचा होऊन तापाने गेला. तेव्हापासून तू भगताला विचारतोस, आईला विचारतोस, पिऊन आलास की भिंतीला विचारतोस, “दाणं तं जागचं होतं. मंग माझं काय चुकलं?” मी तिथेच बसलेली असायचे. भाकरी खात असायचे. एकदाही तोंड उघडलं नाही.

तुझं काही चुकलं नव्हतं. दाणे मी लावले होते.

नर्स म्हणून मला माहीत आहे की पोर तापाने जातं, जागेने नाही. बहीण म्हणून मला काहीच माहीत नाही. दाणे खरे मानले तर ओंकार माझ्यामुळे गेला. खोटे मानले तर एका कोंबडीला आणि चार मुंग्यांना मी एवढी का भिते? रोज सकाळी एक ठरवते, संध्याकाळी दुसरं. इतकी वर्षं दवाखान्यात दुसऱ्यांची पोरं उचलते आहे, तेही कशासाठी, ते आता कळेनासं झालं आहे.

घराचं तू सांगशील ते करीन. बुधवारपर्यंत फोन कर. आला नाही तर गुरुवारी सही करणार नाही आणि दक्षाबेनना तसं कळवीन. आईला दाण्यांचं सांगायचं की नाही, तेही तूच ठरव.

वहिनीला मात्र तू सांगू नकोस. ते मला तिच्यासमोर बसून सांगायचं आहे. सुट्टी मागितली आहे, पुढच्या रविवारी येते. तिने घरात घेतलं नाही तर अंगणातून सांगेन. तू मधे पडू नकोस, तिला काय बोलायचं ते बोलू दे.

ओंकारची आत्या,
जयवंती