हेडबाईचं खोटं कार्ड

रविवार, १४ मार्च
सकाळी साडेनऊ

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्र लांबणार आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचून मगच नमस्कार घे, नाहीतर परत कर.

तू आजोबा झालास आणि मी बसल्या जागी आजी झाले, याचा आनंद आहेच. फोटोत नात थेट तुझ्यासारखी कपाळाला आठ्या घालून बघतेय. तिला म्हणावं, इतक्यात नको. तुझी लेक नीट जेवते ना? वहिनीला म्हणावं, दुपारी घटकाभर आडवी होत जा.

लेकीकडे निघताना तू दिलेल्या यादीतली कामं झाली. कुंड्यांना दिवसाआड पाणी घातलं. मोरीतला गळका नळ प्लंबरकडून बदलून घेतला. पेपर बंद केला, गॅस बंद केला, खिडक्या लावल्या आणि किल्ली शेजारच्या मास्तरांकडे दिली. मास्तर कुंड्यांना पाणी घालतील. किल्ली त्यांच्याकडे का, असं तू आता वहिनीला विचारशील. सांगते, जरा दम धर.

मी मांजरांच्या निवाऱ्यात जाते हे तुला ठाऊक आहे. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात एकतीस वर्षं केसपेपर लिहिले, त्यामुळे अक्षर बरं आहे. म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पिंजऱ्यांवरची कार्डं लिहायचं काम मला दिलं. वय किती, खोड्या काय, कशी माणसं हवीत, असं सगळं त्यावर असतं. मांजर घरी न्यायला आलेली माणसं आधी कार्ड वाचतात, मग मांजर बघतात. काही तर मांजर बघतच नाहीत.

तिथे एक राखाडी मांजरी होती, आठ वर्षांची. तिला सगळे हेडबाई म्हणायचे, कारण समोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाकडे ती गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे बघावं तशी बघायची. मालकांनी नवं घर घेतलं, त्यात हिला जागा नव्हती, म्हणून गादीसकट आणून सोडलेली. पिल्लं आठवड्याभरात हातोहात जातात. ही पाच महिने बसून होती. मी तिचे लाड वगैरे काही केले नाहीत. एकदा पिंजरा झाडताना बाहेर काढली, तर माझ्या उघड्या वहीवर येऊन बसली आणि तासभर हलली नाही. माझी कामं खोळंबली. मला राग यायला हवा होता, तो आला नाही.

आता पुढचं जरा अवघड आहे.

जानेवारीत एक जोडपं आलं. हेडबाईसमोर पाव तास उभं राहिलं. मी कार्डावर खरं तेच लिहिलं होतं: शांत आहे, मांडीवर बसते, पण तिच्या सोयीने. बाई हसून नवऱ्याला म्हणाली, "तुझ्या आईसारखीच आहे की. रविवारी येऊन नेऊ." ते गेले. त्याच दुपारी मी जुनं कार्ड काढलं आणि नवं लावलं. चावते. लहान मुलांजवळ ठेवू नये. नवख्या माणसाला जवळ येऊ देत नाही.

दादा, एकतीस वर्षांत मी एक खोटी नोंद केली नव्हती. मोठमोठे डॉक्टर "तारीख तेवढी बदला" म्हणून गळ घालायचे, त्यांना मी सुतासारखं सरळ केलं होतं. आणि हे कार्ड मी एका दमात, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

रविवारी जोडपं आलं, कार्ड वाचलं, तांबूस पिल्लू घेऊन गेलं. त्या दिवशीचा चहा मला फार गोड लागला. त्यानंतर आणखी तीन घरं आली आणि तशीच गेली. मी खूश होते. तिला घरी आणायची माझी टाप नव्हती, पण दुसऱ्या कुणाला न्यायलाही देणार नव्हते. रोज चार तास ती माझी, असा मी हिशेब लावला होता.

परवाच्या मंगळवारी डॉक्टरीणबाई यादी घेऊन आल्या. चावरी मांजरं पुढच्या दालनात फार दिवस ठेवत नाहीत. कुठल्याशा गोदामवाल्याला उंदरांसाठी मांजरं हवी होती, शनिवारी संध्याकाळी त्याची गाडी येणार होती. यादीत पहिलं नाव हेडबाईचं. उशी जरा सरकली तरी जिची झोपमोड होते, तिला पोत्यांच्या थप्प्यांत सोडणार, आणि तेही माझ्या अक्षरामुळे. दोन दिवस मी नुसतीच हिंडले. गुरुवारी जाऊन सांगितलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने झाले."

"चार घरं गेली तिची. कळतंय ना तुम्हाला?"

"हो."

"अहो, तुम्हालाच हवी होती तर सरळ मागायची ना."

"मला घर नाही," मी म्हणाले.

तुझ्या घरात बावीस वर्षं राहून मी हे म्हणाले. तोंडून गेल्यावर मलाच ऐकू आलं.

त्या चिडल्या होत्या, पण शहाण्या आहेत. यादीतून नाव खोडायचं तर शनिवारी गाडी यायच्या आत तिला कुणीतरी न्यायला हवं, म्हणाल्या आणि अर्ज पुढे सरकवला. अर्जात एक ओळ होती: एकत्र राहत असल्यास घरप्रमुखाची संमती. म्हणून त्या संध्याकाळी तुला फोन केला होता. तू काय म्हणालास ते तुला आठवणारही नाही. "घरात जनावर नको. आणि तुला हे झेपणार आहे का?"

झेपणार. हा शब्द मी तुझ्या अक्षरात वाचलेला आहे, दादा.

मी सदतीस वर्षांची असताना माझी बदली निघाली होती. दुसऱ्या गावच्या नव्या रुग्णालयात रेकॉर्डची प्रमुख म्हणून, राहायला दोन खोल्यांसकट. मग ती अचानक रद्द झाली. मी दोन दिवस रडले, आणि तू म्हणालास, होतं ते बऱ्यासाठी. त्याच वर्षी कर्मचाऱ्यांच्या फायली नव्याने लावायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या फायलीत तुझं पत्र होतं. "माझी बहीण प्रकृतीने नाजूक व स्वभावाने भित्री आहे. एकटीने राहणं तिला झेपणार नाही." दादा, मला साधा तापही वर्षातून एकदा यायचा नाही. तुझी लेक सहा वर्षांची होती, वहिनीची नोकरी होती, घरात कुणीतरी लागत होतं. मी ते पत्र फाडलं नाही. क्रमांकाने होतं तिथेच लावलं, घरी आले आणि तुमच्या पोळ्या लाटल्या.

एकवीस वर्षं मी हे बोलले नाही. तू का लिहिलंस, ते मला हेडबाईचं कार्ड लिहिताना कळलं. आपल्याला जे हवं असतं ते दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून माणूस त्याच्यात खोट काढतो. तुला मी हवी होते, हेही खरंच असणार. पण कळलं म्हणून मी ते माफ केलं, असं समजू नकोस. मी केलं तेही वाईटच. फरक एवढाच, की मी जाऊन कबूल केलं.

शुक्रवारी मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "वन्सं, जा तुम्ही. ह्यांना मी बघते." दोन दिवस तिने पोटात ठेवलंय, तिच्यावर चिडू नकोस. तशीही ती तुझं ऐकत नाही.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या मिळाल्या. न्हाणीघराचं दार लागत नाही, त्याला खाली वीट लावली आहे. काल दुपारी अर्जावर घरप्रमुख म्हणून मी माझी सही केली आणि हेडबाईला घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी कार्डं लिहायचं काम माझ्याकडून काढून घेतलं, बरोबरच केलं. आता मी पिंजरे धुते. रात्री ती कपाटाखाली होती. आज सकाळी बाहेर आली, दोन्ही खोल्या तपासल्या आणि मला नापास केलं. तरी मला एवढं बरं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

लोक विचारतील. दादाने घराबाहेर काढलं असं मी सांगणार नाही, आणि रागावून गेली असं तूही सांगू नकोस. राहायला गेली, एवढंच सांग. एकदा येऊन जा. बसायला खुर्ची एकच आहे, तिच्यावर ती असेल, तिला उठवायचं नाही.

परवानगी मागत नाही, कळवते आहे.

तुझीच बहीण, पण तुझ्या घरातली नाही,
धाकटी