कदंबावरचं डोहाळजेवण

५ ऑक्टोबर
थोरल्या काकांच्या परसातल्या कदंबावर हरगिलांची जोडी उतरली. एवढाले करकोचे, टकले, गळ्याला लोंबती पिशवी. मला देखणे वाटतात. काकांना नाही. कुजक्या मासळीचा वास थेट स्वयंपाकघरात येतो, म्हणून रविवार २० ला कदंब तोडणार. जगात हे पक्षी थोडेच उरलेत. निश्चय: काकांचं मन वळवायचं. आठवडा पुरे.

९ ऑक्टोबर, सकाळी ६
नराने मादीला काटकी दिली. तिने घेतली. बाबांनी घरीच शिकवलं मला, पाहिलं ते सगळं लिहायचं. तर: नर तिच्या पाठीवर चढला, चोचीवर चोच खडखडा आपटत राहिला. अर्धा मिनिट. (अंदाजे. मी मध्येच खाली पाहिलं.)

१४ ऑक्टोबर
काका म्हणाले, माजनी, तुझे पाहुणे माझ्या डोक्यावर हगतात आणि तू वहीत त्यांचं लग्न लावतेस? मी संवर्धन समजावलं. ते मध्येच उठून गेले. विचार करायला गेले असावेत.

१७ ऑक्टोबर
काकी म्हणाली, कुऱ्हाडवाल्याला विसार दिलाय. पण मला सुचलंय! घरट्याखाली मादीचं डोहाळजेवण करायचं. लेक मानली की कोण घर मोडेल? पाच बायका, अगदी शांतपणे.

२० ऑक्टोबर
चाळीस आल्या. ढोल नको म्हटलं, तर रूपहीआत्या म्हणाली, डोहाळजेवण आहे की श्राद्ध? मग ढोल, बायकांची जीभ हलवत घातलेली उरुली, सगळंच. काकांनी स्वतः बुंध्याला मानाचा लाल काठाचा गामोसा बांधला, पान-सुपारीचं तामूल ठेवलं, कुऱ्हाडवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. डोळे पुसत होते. जिंकले मी!
ढोल सुरू होताच जोडी उडाली. पाय मोकळे करायला गेली असेल.

२२ ऑक्टोबर
आली नाही. धुकं आहे.

२५ ऑक्टोबर
धुकं नाही. काका पहाटेपासून मान वर करून उभे. विचारतात, माजनी, आले का गं? म्हटलं, येतील. यापुढे ढोल नाही, हे वहीत ठळक लिहिलं.

३ नोव्हेंबर
वाऱ्याने घरटं खाली आलं. काकांनी काटक्या गोळा करून कुंपणाशी नीट रचल्या. कदंबाचं विचारायचा धीर होईना, तर तेच म्हणाले, आता कशाला तोडायचा? वास तर गेला.
वनखात्याच्या कार्यालयाला पत्र लिहायला मी बसले. ‘कळवण्यास आनंद होतो की झाड वाचलं.’ पुढची ओळ सुचत नाही.