वहिनीची बॉस झाली

दि. १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. यांची तब्येत सुधारते आहे, काठी घेऊन चालतात. गॅरेज सुरू आहे.

तिथली एक गंमत सांगते. हे आजारी पडल्यापासून मी गॅरेजात बसते, पण कारागीर मला वहिनी म्हणतात, आणि वहिनीचं कोण ऐकतं? ‘ही स्कूटर आज द्यायची आहे’ म्हटलं की थोरला मिस्त्री ‘देऊ हो वहिनी’ म्हणतो आणि चहाला जातो. मालक म्हणजे हे. मालकीण म्हटलं की मी घरभाडं मागायला आल्यासारखं वाटतं.

स्कूटर न्यायला आलेले इंग्रजीचे निवृत्त मास्तर हे ऐकत होते. मिस्त्रीला म्हणाले, ‘बॉस म्हणा की! मूळ डच शब्द ‘बास’, अर्थ मालकच. पण अमेरिकेतल्या कामगारांना ‘मास्टर’ म्हणणं नको वाटे, त्याला गुलामीचा वास. म्हणून त्यांनी डचांचा शब्द उचलला. म्हणणाऱ्याचीही मान ताठ राहते.’

मिस्त्रीला ते पटलं. ‘चालेल, बॉस,’ म्हणाला आणि चक्क कामाला बसला.

परवा हे दुखण्यानंतर पहिल्यांदाच गॅरेजात आले. तेवढ्यात मिस्त्रीची हाक, ‘बॉस, क्लचची केबल बदलू?’

‘बदल,’ हे म्हणाले. त्याच क्षणी मी म्हणाले, ‘थांब, आधी गिऱ्हाइकाला विचारते.’

मिस्त्री खाली बघायला लागला. हे गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. घरी मी यांच्या शर्टाची बटणं काढत होते, तेव्हा मला म्हणाले, ‘मग मी कोण?’

ताई, वर तब्येतीचं लिहिलं ते अर्धंच. उजव्या हातात पुन्हा पाना धरता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. गॅरेज विकून तुझ्याकडे या, असं तू म्हणतेस. घेणारा आलाही होता. मी नाही म्हणून सांगितलं. यांच्यासाठी, असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला? सकाळी शटर वर केलं की मला बरं वाटतं. यांच्या दुखण्यातून हे सुख माझ्या वाट्याला आलं, याचीच टोचणी आहे.

काल यांना सगळं सांगून टाकलं. यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘गिऱ्हाइकांशी मी बोलत जाईन. तुला गोड बोलता येत नाही.’

खरंच येत नाही. आज सकाळपासून बाकावर बसून सगळ्यांशी गप्पा मारताहेत.

आमच्यासाठी ठेवलेली खोली आता भाड्याने दे. रागावू नकोस.

तुझी,
तिकडे न येणारी धाकटी